छिद्रांसाठी छापलेले हाड

खुब्याच्या खोबणीसाठी थ्रीडी प्रिंटरवर बनवलेला टायटॅनियमचा तुकडा कधी हातात घेतलात, तर त्याला दोन चेहरे असल्याचे लगेच कळते. आतली बाजू गुळगुळीत, घासून नीट केलेली. बाहेरची बाजू, म्हणजे जी रुग्णाच्या हाडाला टेकणार ती, पोवळ्यासारखी खरखरीत. बोट फिरवले की कातडीला किंचित धरते. उजेडासमोर धरून पाहिले तर तिथे भरीव धातू नाहीच. केसाच्या तीन-चार पट जाडीच्या काड्यांची जाळी आहे आणि काड्यांच्या मधे मोकळी जागा.

या विषयावर जे लिहिले जाते त्यात सगळा भर 'रुग्णाच्या मापाचे हाड' यावर असतो. ते खरे आहे आणि थक्क करणारेही आहे. पण मला वाटते, प्रिंटरने दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच आहे. मापाचा तुकडा कुशल कारागीर धातूच्या ठोकळ्यातून कोरूनही काढू शकतो, आणि तसे तुकडे वर्षानुवर्षे बनत आले आहेत. कोरून किंवा ओतून सहजी जमत नाही ती आतली पोकळी, नेमक्या आकाराची, नेमक्या ठिकाणी, एकमेकांना जोडलेली. शरीरात गेल्यावर त्या तुकड्याचे पुढे काय होणार हे बरेचसे या पोकळीवर ठरते. म्हणून या लेखात धातूपेक्षा भोकांबद्दल जास्त आहे.

कधी लागते असे हाड

साध्या फ्रॅक्चरला यातले काही लागत नाही. मोडलेली टोके जवळ आणून स्थिर ठेवली की हाड स्वतःच सांधते, आणि बहुतेक वेळा तिथे व्रणसुद्धा उरत नाही. कातडीला हे जमत नाही, हाडाला जमते. मात्र मधला तुकडाच नाहीसा झाला आणि फट फार मोठी असली, तर दोन्हीकडून वाढणारे हाड मधे भेटत नाही. त्या जागी मऊ तंतुमय ऊती भरते आणि काम तिथेच थांबते.

अशी मोठी फट पडण्याची कारणे ठरलेली आहेत. गाठ काढताना तिच्याभोवतीचे हाडही काढावे लागते. मोठ्या अपघातात चेहऱ्याचा किंवा पायाचा भाग चुरा होतो. मेंदूला सूज आल्यावर दाब कमी करण्यासाठी कवटीचा तुकडा काढून ठेवतात आणि कधी कधी तोच तुकडा परत बसवण्याजोगा राहत नाही. खुब्याचा कृत्रिम सांधा दोन-तीनदा बदलावा लागला, तर ओटीपोटाचे हाड इतके झिजते की तयार मिळणारी कोणतीही वाटी तिथे धड बसत नाही.

अशा वेळी डॉक्टरांची पहिली पसंती आजही रुग्णाच्या स्वतःच्या हाडाला असते. कमरेच्या हाडाच्या कडेतून तुकडा काढून हव्या त्या जागी लावतात. त्यात जिवंत पेशी असतात, शरीर त्याला परके मानत नाही. पण असे हाड मिळते थोडे, ते हव्या त्या आकारात मिळत नाही, आणि ते काढलेल्या जागी नवी जखम होते ती वेगळीच. दात्याचे हाड, हाडाचे सिमेंट, ऑपरेशन टेबलाशेजारी हाताने वाकवलेली टायटॅनियमची जाळी हे बाकीचे पर्याय. यातला प्रत्येक आजही वापरला जातो आणि योग्य ठिकाणी चांगला चालतो. नेहमीच्या गुडघा किंवा खुबा बदलाच्या शस्त्रक्रियेतही ठरलेल्या मापांतले तयार सांधे उत्तम काम देतात. खास बनवलेला तुकडा लागतो तो जिथे हे सगळे अपुरे पडते तिथे.

ताठ धातूचा त्रास

वाळलेली हाडे पाहून आपला समज होतो की हाड म्हणजे चुन्याचा खांब. शरीरातले हाड तसे नसते. त्याच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या खनिजाचा, आणि बाकीचा मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचा आणि पाण्याचा. खनिजामुळे ते कठीण राहते, कोलॅजेनमुळे चिवट. त्यात दोन प्रकारच्या पेशींचे काम अखंड चालू असते, एक जुने हाड खाऊन टाकतात आणि दुसऱ्या नवे रचतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी असा नवा होतो.

कुठे खायचे आणि कुठे रचायचे हे ठरते भारावरून. जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हा नियम मांडला: हाडावर जसा भार येतो तसे ते स्वतःला घडवते. टेनिस खेळणाऱ्याच्या रॅकेटच्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. अंतराळवीरांच्या पायांवर आणि कमरेवर वजनच येत नाही, त्यामुळे त्या भागांतली खनिजांची घनता दर महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. भार नाही तर हाड नाही, इतका साधा हिशेब शरीर लावते.

आता या हिशेबात धातू आणून बसवा. ताठपणा मोजायचे एकक आहे गिगापास्कल. ते लक्षात ठेवायची गरज नाही, आकड्यांमधले अंतर पाहा. हाडाच्या बाहेरच्या घट्ट थराचा ताठपणा साधारण १५ ते २०. इम्प्लांटसाठी वापरतात त्या टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११० च्या आसपास. स्टेनलेस स्टीलचा १९० ते २००, आणि कोबाल्ट-क्रोमचा त्याहून जास्त. दोघांनी मिळून जड पेटी उचलली आणि त्यातला एक फारच दणकट असला, तर सगळे ओझे तोच पेलतो आणि दुसऱ्याचा हात नुसता लावलेला राहतो. हाडाशेजारी भरीव धातू बसवला की असेच होते. भार धातूतून जातो, शेजारचे हाड रिकामे राहते, आणि रिकाम्या हाडाचे काय होते ते वर आलेच आहे. काही वर्षांत ते विरळ होते आणि ज्या धातूमुळे ते विरळ झाले तोच धातू हलायला लागतो. मजबुती कमी पडली म्हणून नाही, जास्त झाली म्हणून इम्प्लांट सैल होते. या विषयात मला सगळ्यात खिळवून ठेवणारी गोष्ट हीच आहे.

यावर उपाय धातू बदलणे हा असू शकतो, पण टायटॅनियम सोडवत नाही. त्यामागे एक गोष्ट आहे. १९५० च्या दशकात स्वीडनमधले संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची छोटी नळकांडी बसवली होती. अभ्यास संपल्यावर ती परत काढायला गेले तर ती निघेनात. हाड धातूला थेट चिकटून वाढले होते. हवेशी संबंध येताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो आणि शरीर त्या थराला सामावून घेते. १९६५ मध्ये ब्रोनेमार्क यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसवली, आणि आजची दातांची इम्प्लांट त्यातूनच आली.

धातू तोच ठेवायचा, पण ताठपणा कमी करायचा. इथे भोके कामाला येतात. जाळीदार पदार्थांसाठी एक ढोबळ नियम आहे: ताठपणा भरीव भागाच्या प्रमाणाच्या वर्गाने घटतो. समजा तुकड्याच्या एकूण आकारमानात धातू ४० टक्के आणि मोकळी जागा ६० टक्के ठेवली. ०.४ गुणिले ०.४ म्हणजे ०.१६. ११० ला ०.१६ ने गुणा, उत्तर येते साडेसतराच्या जवळ. हे तर हाडाच्याच पंगतीत बसले! प्रत्यक्षात जाळीची रचना, काड्यांची दिशा, जोडांचा आकार यांनी आकडा बराच मागेपुढे होतो. पण मुद्दा एवढाच की टायटॅनियमला हाडाइतके नरम करता येते, आणि त्यासाठी त्यात काहीही मिसळावे लागत नाही, फक्त काढून टाकावे लागते.

भोक केवढे असावे

हाड आत शिरायचे तर आधी रक्तवाहिनी शिरली पाहिजे. पेशी सर्वांत जवळच्या केशवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या आत असावी लागते, नाहीतर तिला प्राणवायू पुरत नाही. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भोके फार बारीक ठेवली तर वाहिन्या शिरत नाहीत आणि आत हाडाऐवजी तंतुमय ऊती भरते. फार मोठी ठेवली तर पेशींना धरायला पृष्ठभाग कमी मिळतो आणि जाळीची ताकदही जाते. किमान १०० मायक्रॉन हवेत असे जुन्या प्रयोगांतून दिसले होते. सध्या बहुतेक रचना ३०० ते ६०० मायक्रॉनच्या दरम्यान ठेवतात.

नुसती भोके असून भागत नाही, ती एकमेकांत उघडली पाहिजेत. बंद भोक म्हणजे भिंतीतली हवेची पोकळी, रक्ताला तिचा काही उपयोग नाही. म्हणून अभियंते जाळीचे नमुने गणिताने ठरवतात. त्यातला एक लाडका नमुना आहे गायरॉइड. १९७० मध्ये नासातले शास्त्रज्ञ ॲलन शोन यांनी त्याचे वर्णन केले. हा एकसंध वळणावळणाचा पृष्ठभाग जागेचे दोन भाग करतो आणि त्या दोन्ही भागांतून कुठेही न अडता आरपार जाता येते. त्यात टोकदार कोपरे नाहीत, त्यामुळे ताण एका जागी साचत नाही.

ताण साचण्याची भीती साधी नाही. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार येतो. प्रयोगशाळेत इम्प्लांट तपासताना वर्षाला साधारण १० लाख पावले असा हिशेब धरतात. एकदा दाबून न मोडणारी काडी ५० लाख वेळा वाकवली की मोडू शकते, आणि जाळीत अशा काड्या हजारो. म्हणून खास तुकड्याची रचना बहुधा मिश्र असते. जिथे भार पेलायचा आणि स्क्रू बसायचे तिथे भरीव धातू, आणि जिथे हाडाशी गाठ पडायची तिथे दोन-तीन मिलिमीटर जाडीचा जाळीदार थर. सुरुवातीला सांगितलेले दोन चेहरे ते हेच.

स्कॅनपासून फाइलपर्यंत

आता माप कसे घेतात ते पाहू. सुरुवात सीटी स्कॅनने होते. साधा स्कॅन चालत नाही, काप एक मिलिमीटरपेक्षा पातळ हवेत. प्रत्येक बिंदूला क्ष-किरण किती अडला त्यावरून एक आकडा मिळतो. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, हाडाला काहीशेपासून हजाराच्या पुढे. ठरावीक आकड्याच्या वरचे सगळे हाड, असे सॉफ्टवेअरला सांगितले की पडद्यावर कवटी किंवा ओटीपोट उभे राहते.

वाचायला हे बटण दाबण्याइतके सोपे वाटते, पण खरा वेळ इथेच जातो. डोळ्याच्या खोबणीचा तळ कागदासारखा पातळ असतो. तिथला आकडा आजूबाजूच्या मऊ भागात मिसळून खाली येतो आणि सॉफ्टवेअरला तिथे भोक दिसते. जुना कृत्रिम सांधा आत असेल तर धातूमुळे स्कॅनवर पांढरे-काळे फराटे उमटतात आणि हाडाची कड कुठे संपते ते कळेनासे होते. मग जाणकार माणूस एकेक काप उघडून हाताने कड आखतो. स्कॅनमधली एक मिलिमीटरची चूक पुढच्या प्रत्येक पायरीतून तशीच वाहत जाते. प्रिंटर कितीही नेमका असला तरी तो ती चूक सुधारत नाही, तंतोतंत छापतो.

गेलेल्या भागाचा आकार शोधायची युक्ती सुंदर आहे. कवटीचा डावा भाग नसेल तर उजव्याची आरशातली प्रतिमा घ्यायची आणि डावीकडे बसवायची. माणसाच्या दोन बाजू हुबेहूब सारख्या नसतात, म्हणून कडा थोड्या ओढूनताणून जुळवाव्या लागतात. दोष मधोमध असेल तर आरसा उपयोगी पडत नाही. तेव्हा अनेक माणसांच्या स्कॅनवरून बनवलेल्या सरासरी आकाराची मदत घेतात.

यानंतर सर्जन आणि अभियंता एकत्र बसतात, आणि माझ्या मते तुकड्याचे नशीब या बैठकीत ठरते. अभियंत्याने बनवलेला आकार पडद्यावर अगदी चपखल बसतो. सर्जन विचारतो, हा आत न्यायचा कसा? छेद इतकाच असणार, या बाजूला नस आहे, हा स्नायू मी कापणार नाही. चपखल तुकडा कुलुपात अडकलेल्या किल्लीसारखा वाटेतच अडू शकतो. मग एखादी कड कमी होते, कधी तुकड्याचे दोन भाग होतात. स्क्रू कोणत्या दिशेने गेले तर जाड हाडात रुततील ते ठरते. कवटीच्या पट्टीत भोके ठेवली जातात, म्हणजे खाली द्रव साचत नाही आणि मेंदूचे आवरण व वरचा स्नायू त्यांना टाक्यांनी अडकवता येतात. गाठ काढायची असेल तर करवत कुठून चालवायची ते दाखवणारा साचाही वेगळा छापतात. तो हाडावर एकाच पद्धतीने बसतो आणि त्याच्या फटीतून कापले की उरलेली कड इम्प्लांटशी जुळते. हा प्लॅस्टिकचा साचा कधी कधी इम्प्लांटइतकाच मोलाचा ठरतो.

२०१५ मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे छातीच्या गाठीच्या एका रुग्णाची उरोस्थी आणि बरगड्यांचा काही भाग काढून तिथे छापलेला टायटॅनियमचा पिंजरा बसवला. रचना ऑस्ट्रेलियातल्या ॲनाटॉमिक्स या कंपनीची, छपाई तिथल्याच सीएसआयआरओ या संस्थेच्या मेलबर्नमधल्या प्रयोगशाळेतली. तुकडा समुद्रापार एका देशातून दुसऱ्या देशात गेला आणि छातीत बसला. छातीचा पिंजरा श्वासागणिक हलतो, म्हणून बरगड्यांच्या जागी लवू शकतील अशा दांड्या ठेवाव्या लागल्या. शस्त्रक्रियेनंतर १२ दिवसांनी रुग्ण घरी गेला.

छपाई आणि त्यानंतरचे काम

धातूच्या छपाईला शाई असते ती भुकटीची. टायटॅनियमचे गोल कण, बहुतेक १५ ते ४५ मायक्रॉनचे. लोखंडी तव्यावर पीठ भुरभुरावे तसा त्यांचा एक पातळ थर पसरतात. लेझरचा किरण त्या थरावर फिरतो आणि तुकड्याच्या त्या उंचीवरचा जेवढा छेद असेल तेवढाच वितळवतो. भुकटी ज्यावर पसरली तो पाट थोडा खाली जातो, नवा थर पसरतो, किरण पुन्हा फिरतो. टायटॅनियम १,६६८ अंश सेल्सिअसला वितळते, आणि हे सगळे आरगॉन वायूने भरलेल्या पेटीत करावे लागते, कारण तापलेले टायटॅनियम हवेतला प्राणवायू ओढून घेते आणि ठिसूळ होते. दुसऱ्या पद्धतीत लेझरऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत असतो आणि पेटीत निर्वात पोकळी.

२०११ मध्ये नेदरलँड्समध्ये ८३ वर्षांच्या एका बाईंना संपूर्ण खालचा जबडा असा छापून बसवला गेला. बेल्जियमच्या लेयरवाइज कंपनीने तो लेझरने बनवला होता. एक मिलिमीटर उंचीसाठी ३३ थर, म्हणजे प्रत्येक थर साधारण ३० मायक्रॉनचा. वजन भरले १०७ ग्रॅम, नैसर्गिक जबड्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त. त्याआधी २००७ मध्येच इटलीत छापलेली, जाळीदार पाठीची खुब्याची वाटी रुग्णात बसवली गेली होती. ती कुणा एकाच्या मापाची नव्हती, ठरलेल्या आकारातली होती. प्रिंटर वापरला होता तो फक्त त्या जाळीसाठी. माझे म्हणणे या एका उदाहरणाने जास्त स्पष्ट होते.

पेटीतून बाहेर आलेला तुकडा लगेच वापरता येत नाही. क्षणात वितळून क्षणात गोठल्यामुळे त्यात ताण कोंडलेला असतो. पाटावरून सोडवताच तो वाकडा होऊ शकतो, म्हणून आधी भट्टीत तापवून तो ताण उतरवतात. काही वेळा गरम आरगॉन वायूच्या प्रचंड दाबाखाली ठेवून आत राहिलेले नको असलेले सूक्ष्म बुडबुडे मिटवतात. छापताना तुकड्याला आधार देणारे टेकू कापतात, सांध्याचा पृष्ठभाग घासतात.

आणि मग भुकटी काढतात. जाळीच्या प्रत्येक भोकात न वितळलेले कण अडकलेले असतात. हवेचा झोत, कंपने, द्रवात बुडवून ध्वनिलहरी, कधी आम्लाची धुलाई असे एकामागून एक करत तुकडा स्वच्छ करावा लागतो. अर्धवट चिकटलेला कण पुढे शरीरात सुटला तर तिथे दाह होऊ शकतो. ज्या भोकांसाठी सगळा खटाटोप केला तीच साफ करायला सर्वांत अवघड. रचना करतानाच 'इथून भुकटी बाहेर येईल का' हे विचारावे लागते.

तपासणीत एक वेगळीच अडचण आहे. कारखान्यात हजार सांधे बनले तर त्यातले दहा मोडून पाहता येतात. इथे तुकडा एकुलता एक. तो मोडून कसा पाहणार? म्हणून त्याच पाटावर, त्याच भुकटीतून शेजारी छोट्या कांड्या छापतात आणि त्या ओढून तोडतात. तुकड्याचा स्वतःचा स्कॅन काढून मूळ फाइलशी ताडून पाहतात. भुकटी कितव्यांदा वापरली, तिच्यात प्राणवायू किती चढला, याची नोंद ठेवतात. नियम करणाऱ्या संस्थांपुढेही हाच प्रश्न होता. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये छापलेल्या वैद्यकीय साधनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही भर आहे तो बनवण्याच्या प्रक्रियेवर. रुग्णागणिक आकार बदलणारच. मग तो कोणत्या मर्यादेत बदलू द्यायचा आणि त्या मर्यादेतला सर्वांत कमकुवत तुकडासुद्धा टिकतो हे कसे दाखवायचे, यावर मान्यता ठरते.

आत गेल्यावर

बसवल्यावर पहिल्या काही क्षणांतच रक्तातली प्रथिने धातूवर चढतात आणि जाळीत रक्ताची गुठळी भरते. ही गुठळी उपद्रव नाही, तिच्यातच पुढचे हाड रुजणार असते. त्यातून केशवाहिन्या सरकत येतात, मागोमाग हाड रचणाऱ्या पेशी. काही आठवड्यांत घाईघाईने विणलेले कच्चे हाड दिसू लागते, आणि मग महिनोन्महिने ते खाऊन त्या जागी भाराच्या दिशेप्रमाणे पक्के हाड रचले जाते.

हे होण्याची एक अट आहे: तुकडा हलता कामा नये. पहिल्या आठवड्यांत हाड आणि धातू यांच्यात दीडशे मायक्रॉनपेक्षा जास्त सरक होत राहिली तर हाडाऐवजी तंतुमय पडदा तयार होतो, आणि एकदा तो झाला की सहसा हाड परत येत नाही. स्क्रू असतात ते या काळापुरते मुख्य आधार. आणि इथेच रुग्णाच्या मापाचे महत्त्व खऱ्या अर्थाने कळते. चपखल बसणारा तुकडा कमी हलतो. माप भोकांना त्यांचे काम करायला वेळ मिळवून देते.

जंतूंचा धोका मात्र या सगळ्यावर सावट धरून असतो. मोकळ्या पृष्ठभागावर आधी कोण पोचते, शरीराच्या पेशी की जंतू, अशी शर्यत लागते. जंतू आधी पोचले तर ते चिकट थर करून राहतात आणि त्या थराखाली प्रतिजैविके नीट पोचत नाहीत. जाळी म्हणजे प्रचंड पृष्ठभाग, दोघांसाठीही. आणि हाड नीट आत वाढले की तोच तुकडा पुढे काही कारणाने काढायचा झाल्यास भोवतालचे हाड कापूनच काढावा लागतो. चांगल्या जोडाची ही किंमत आहे आणि शस्त्रक्रियेआधी रुग्णाला ती सांगितली पाहिजे.

वेळेचाही प्रश्न आहे. स्कॅन, रचना, छपाई, तपासणी यांत दिवस आणि आठवडे जातात. गाठ तोवर थांबत नाही. ती वाढली तर आधी ठरवलेली कापायची रेषा निरुपयोगी होते. म्हणून अनुभवी सर्जन दुसरी योजना आणि तयार साधने हाताशी ठेवूनच टेबलाशी उभा राहतो.

टायटॅनियम हाच एकमेव पदार्थ नाही. पॉलिइथर-इथर-कीटोन नावाच्या प्लॅस्टिकचा ताठपणा तीन-चार गिगापास्कल इतका कमी आहे, आणि क्ष-किरण त्यातून आरपार जातात. गाठ परत आली का ते पाहायचे असेल तर हे फार सोयीचे. याच घराण्यातल्या दुसऱ्या एका प्लॅस्टिकच्या छापील कवटीला एफडीएने २०१३ मध्ये परवानगी दिली. हाड मात्र या गुळगुळीत प्लॅस्टिकला सहसा धरत नाही. हाडाच्याच खनिजापासून सिरॅमिकची जाळीही छापता येते. हाडाला ती फार मानवते, पण ती खडूसारखी मोडते, म्हणून जिथे वजन येत नाही तिथेच.

सर्वांत कठीण प्रश्न लहान मुलांचा आहे. २०१४ मध्ये बीजिंगमध्ये १२ वर्षांच्या एका मुलाच्या मानेतला गाठ असलेला दुसरा मणका काढून तिथे छापलेला टायटॅनियमचा मणका बसवला. मान वाचवायला दुसरा तितका चांगला मार्ग नव्हता. पण मूल वाढते आणि टायटॅनियम वाढत नाही. चार वर्षांच्या मुलाच्या कवटीत बसवलेली पट्टी त्याच्या दहाव्या वर्षी त्याच्या मापाची राहत नाही.

म्हणून विरघळून जाणाऱ्या जाळ्यांवर काम चालू आहे. पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे प्लॅस्टिक सुमारे ६० अंशाला वितळते, त्याच्या तारा एकावर एक आडव्या-उभ्या रचून जाळी छापतात. कवटीला शस्त्रक्रियेत पाडलेली भोके बुजवण्यासाठी त्याची बुचे कित्येक वर्षे वापरात आहेत. शरीरात ते दोन-तीन वर्षांत हळूहळू नाहीसे होते आणि तेवढ्या अवधीत हाडाने जागा भरायची असते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट संस्थेने जिवंत पेशींसह छापलेले कवटीचे तुकडे उंदरांत बसवले. पाच महिन्यांनी त्यांत रक्तवाहिन्यांसह नवे हाड होते. त्याच वर्षी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने वजनाने ९० टक्के हाडाचे खनिज असूनही दाबले की परत फुलणारी, सर्जनला कात्रीने कापता येईल अशी जाळी दाखवली.

खुब्यासारख्या भाराच्या जागी अशी जाळी आज एकटी पुरत नाही. ती विरघळण्याचा वेग आणि हाड भरण्याचा वेग जुळवावा लागतो. आधी विरघळली तर मधे काहीच उरत नाही, उशीर झाला तर हाडाला जागा मिळत नाही. तरुण आणि वृद्ध, निरोगी आणि मधुमेही, यांच्या शरीरात हाड भरण्याचा वेग वेगवेगळा असतो. आकार ज्याचा त्याला बनवणे जमले आहे. आता प्रयोगशाळांमध्ये वेळही ज्याचा त्याला बनवण्याचा प्रयत्न चालू आहे: एका टोकाला जाड तारा, दुसऱ्या टोकाला बारीक, म्हणजे जिथे हाड आधी पोचेल तिथली जाळी आधी जाईल.